दाजींची शंभर सीसी

माझे दाजी नाथाजी मोहिते मारतात तेव्हा ओरडत नाहीत. शिवी नाही, धमकी नाही, बाह्या सरसावणं नाही. समोरचा अजून बोलतच असतो आणि त्याच्या कानाखाली आवाज निघतो. मी त्यांचा मेहुणा, कृष्णात. पलूसला एका हायस्कुलात क्लार्क आहे. दाजींनी मारायचं आणि मी मागून जाऊन समोरच्याला पाणी पाजायचं, त्याची टोपी झटकून हातात द्यायची, "गरम डोक्याचं हाय माणूस, मनावर घिऊ नगा" म्हणायचं, अशी आमची वाटणी गेली कित्येक वर्षं चालत आली आहे. मला या कामाचा मनस्वी कंटाळा आलाय. पण माझी थोरली बहीण, भामाआक्का, त्या घरात दिलेली. करतो काय?

दाजी फौजेत सिग्नलला होते, डिस्पॅच रायडर. म्हणजे मोटरसायकलवरून टपाल पोचवणारा जवान. बर्फात, वाळूत, पुलाच्या फळ्यांवरून त्यांनी जड गाड्या हाकल्या. पेन्शन घेऊन गावी येणार म्हटल्यावर सगळ्या गावाला खात्री होती की हा गडी आता काहीतरी धडधडणारं, दणकट घेऊन येणार. तरुण मंडळाची पोरं हार घेऊन एसटी स्टँडवर उभी होती. दाजी आले ते शंभर सीसीच्या जुन्या काळ्या गाडीवरून, आणि तिचं मडगार्ड दुसऱ्याच रंगाचं. पोरांनी हार घातला खरा, पण मयताला घालावा तसा.

त्या गाडीवर दाजी रविवारी वैरणपाणी उरकलं की निघायचे. कराड, उंब्रज, सातारा, तिथून यवतेश्वरचा घाट चढून वर, आणि परत. साताऱ्यात काय काम होतं म्हणून विचारलं तर "काय न्हाई." आमच्याकडं बिनकामाची गाडी फिरवतो तो एकतर निवडणुकीला उभा असतो, नाहीतर लग्न जमायचं असतं. दाजींचं दोन्हीही नव्हतं. त्यांना फक्त रस्ता आवडायचा.

एकदा मला मागं बसवून नेलं होतं. घाटात मी डोळे मिटून बसलो होतो, कारण दाजींच्या रागाचा अनुभव मला होता आणि गाडीही तशीच चालवत असतील असं वाटलं होतं. पण तो माणूस गाडीवर वेगळाच होता. पन्नासच्या वर काटा नाही. वळण आलं की खांदा हळूच कलायचा, गाडी आपसूक वळायची, इंजिनाचा सूर बदलायचासुद्धा नाही. खाली सातारा शहर पसरलेलं. आणि दाजी चक्क गुणगुणत होते!

"बघ," ते म्हणाले, "आता गाडी मागत न्हाई आन् आपुन देत न्हाई. ह्येला चालवणं म्हणायचं."

चहाच्या गाड्यावर पोरांनी गाड्यांचा विषय काढला की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "रस्त्याची मजा घ्यायला किती पावर लागती सांगू? दोघं बसून, चढाला धापा न टाकता वर जाईल एवढी. बास. त्येच्यावरची पावर कशाला लागती म्हाईत हाय? दुसऱ्याला दाखवायला. फौजेत आमाला गाडी देताना सायबानं सांगितलं, वेळेत पोच. जोरात पोच म्हणून कुणी सांगितलं न्हाई."

बोलणं पटण्यासारखंच होतं. मलाही पटायचं. पण हे बोलता बोलता त्यांचा उजवा हात समोरच्या पोराच्या मानगुटीवर गेलेला असायचा आणि पोरगं मान डोलवत असायचं ते पटलं म्हणून की भ्यालं म्हणून, हे देवाला ठाऊक. शंभर सीसीच्या गाडीवर बसणारा हा माणूस स्वतः हजार सीसीचा होता आणि त्याला ब्रेक बसवायचाच राहून गेला होता.

अंकिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्यावर त्यांनी कधी हात उचलला नाही. आक्कावर उचलला नाही असं मी म्हणू शकत नाही. तो विषय आमच्यात निघत नाही. पण अंकिता म्हणजे त्यांचा जीव. ती आठवी-नववीत असताना उसाचं खोडवं मोडून मोकळ्या झालेल्या रानात त्यांनी तिला गाडी शिकवली. पडली की उचलायचे नाहीत, "ऊठ, गाडी आदी उचल" म्हणायचे, आणि ती हसत हसत उठायची. पुढं रविवारच्या फेऱ्या दोघांच्या झाल्या. जाताना बाप चालवायचा, येताना लेक. परत आले की दोघांच्या तोंडावर सारखीच धूळ आणि सारखंच समाधान असायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा, अगदी खरं सांगतो.

त्यांनी तिला चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायलासुद्धा शिकवलं. गळिताच्या हंगामात विकतचा ऊस खाणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचाय. कारखान्याला जाणारी ट्रॉली दिसली की गाडी तिच्या बाजूला घ्यायची आणि एक कांडं ओढून काढायचं. ज्याचा ऊस आहे तो बोलत नाही, ड्रायव्हर आरशात बघून न बघितल्यासारखं करतो. दाजी सांगायचे, "ट्रॉलीच्या चालीनं चाल. दोघांची चाल एक झाली की ती उभी हाय असंच समज. खड्ड्यात ट्रॉली हलली की ऊस सैल हुतोय, तवा बुडख्याला धरून ओढ. ताकद लावायची न्हाई."

ताकद लावून ओढणारा भेटला तो सिद्धू.

सिद्धू शेजारच्या गावचा. घरची बागायत, बुडाखाली चारशे सीसीची गाडी, आणि सायलेन्सर असा की गेला की फैरी झाडल्यासारखं वाटावं. दोन वर्षांमागची गोष्ट. मी आणि दाजी भिलवडी स्टेशनकडून येत होतो, पुढं उसाची ट्रॉली होती. सिद्धू मागून सुसाट आला, त्याच्या मागं बसलेला मोबाइलवर शूटिंग करत होता. तेवढ्या वेगात जाता जाता सिद्धूनं ऊस धरला आणि हिसडा दिला. त्या उसाबरोबर आणखी तीन-चार उसळून आडवे बाहेर आले. समोरून अंगणवाडीच्या बनुबाई स्कूटीवर येत होत्या. एक ऊस सरळ त्यांच्या तोंडावर बसला. बाई स्कूटीसकट गटारीत. आम्ही उचललं तेव्हा तोंडातून रक्त आणि दात एकदमच आले.

सिद्धू परत आला. पळून गेला नाही, हे मी आजही त्याच्या बाजूनं सांगतो. गाडी वळवून आला, उतरला, "मावशी, लय लागलं का?" असं काहीतरी म्हणाला. दाजींनी रस्त्यावरचाच एक ऊस उचलला होता. पहिला फटका तोंडावर बसला. मग पाठीवर, मांड्यांवर, नडगीवर. ऊस फुटून त्याच्या चिंध्या झाल्या, रस उडून दाजींच्या शर्टावर आला, तरी हात थांबेना. ऊस संपल्यावर मुठी. सिद्धूचं नाक मोडलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तो खाली बसला, हात जोडले, आणि त्याची पँट ओली झाली. मी दाजींच्या कंबरेला मिठी मारून लोंबकळत होतो. आणि सिद्धूचा तो मित्र! शहाण्याचा मोबाइल चालूच होता.

तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. सिद्धूला चौकात बसणं मुश्किल झालं. लहान पोरं त्याला बघून हात जोडून मांडी घालायची.

"दाजी, पोरगं परत आलं हुतं," मी म्हणालो.

"मग? त्येला ओवाळू?"

विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं.

अंकिता मधल्या काळात लॅब टेक्निशियन झाली आणि सांगलीत विश्रामबागला एका लॅबमध्ये लागली. सकाळी लवकर ड्युटी, त्या वेळेला एसटी नाही. सुरुवातीला ती दाजींचीच गाडी घेऊन जायची. मग गेल्या दसऱ्याला तिनं स्वतःच्या पगारावर गाडी आणली. चारशे सीसीची. हार घातलेली गाडी अंगणात उभी राहिली, आक्का आरतीचं ताट घेऊन बाहेर आली, आणि दाजी गोठ्याच्या दारात तसेच उभे राहिले. हातातली वैरण त्यांनी खाली ठेवली नाही.

"किती पावर लागती गं?" त्यांनी विचारलं. "साताऱ्याला आपुन शंभरावर जात हुतो का न्हाई? काय कमी पडलं हुतं?"

"आप्पा, तुमच्याबरुबर जायला ती पुरती. एकलीला न्हाई पुरत."

"म्हंजी?"

"म्हंजी काय न्हाई."

दाजींनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. रविवारी ते एकटेच निघायचे. ती ओसरीवर बसून केस विंचरत त्यांच्याकडं बघायची, ते बघायचे नाहीत. मी मध्ये पडून पाहिलं. "दाजी, पोरगी हेल्मेट घालती, नीट चालवती, गाडी कुठली का असंना," म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गालाला हात लावून घरी आलो.

मग कुणीतरी चहाच्या गाड्यावर काडी टाकली. "आण्णा, तुमची अंकिता काल पोरांच्या फुडनं गेली की! शंभराच्या वर काटा आसंल. कुणालाबी घावली न्हाई." बोलणारा कौतुकानं बोलला होता. दाजींनी हातातला कप तसाच ठेवला आणि घर गाठलं. मी नेमका आक्काकडं भाकरीला बसलो होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

"कशापायी पळवलीस गाडी?"

अंकिता परातीत पीठ मळत होती. "मागं लागले हुते."

"कोण?"

तिनं पिठात पाणी घातलं.

"नाव सांग. हाड ठेवत न्हाई एक."

तिनं खाली मान घालून पीठ मळणं चालू ठेवलं. दाजींनी त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या डोक्यानं लावला: पोरगी खोटं बोलतेय. शर्यत लावली आणि आता निमित्त सांगतेय. ते गोठ्यात गेले आणि पहार घेऊन आले.

पहिला घाव हेडलाइटवर पडला. दुसरा मीटरवर. मग टाकीवर, एक, दोन, तीन, चार, पत्रा आत जाईपर्यंत, फाटेपर्यंत. पेट्रोल सांडून अंगणभर वास सुटला, गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. आक्का किंचाळत पुढं गेली, तिला एका हातानं बाजूला ढकलून दिलं. ती तुळशीच्या कट्ट्यावर आपटली. मी आक्काला उचलायला गेलो, दाजींना धरायला गेलो नाही. पहारीच्या टप्प्यात शिरायची माझी छाती नव्हती आणि नाही. शेजारची माणसं कुंपणावरून बघत होती. एकजण तर म्हणालासुद्धा, "बरं केलंसा आण्णा, पोरीच्या जातीला..." वगैरे.

अंकिता पिठाच्या हातांनी दारात उभी होती. रडली नाही. घाव पडेल तसे तिचे डोळे मिटत होते एवढंच.

दाजींची धाप लागली तेव्हा ते थांबले. बोटं फुटून रक्त येत होतं. त्यांनी खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि जोत्यावर तिच्या पायापाशी ठेवली. "उद्यापासनं हिच्यावर जा. माणसाला एवढीच पुरं."

तिनं ती किल्ली घेतली. ड्युटी चुकवून चालणार नव्हतं, आणि तिची गाडी गॅरेजमध्ये टाकी आणि मीटर येण्याची वाट बघत पडली. दाजींना वाटलं, पोरीला पटलं. संध्याकाळी तिच्या येण्याच्या वेळेला ते रस्त्याच्या कडेला जाऊन बसू लागले. आपल्या जुन्या गाडीचा आवाज लांबून ओळखू आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते बघून मला रागच यायचा. एका घरात एक माणूस सुखी आणि दोन बायका मुक्या.

ती संध्याकाळ तिसऱ्या आठवड्यातली. पुढचं मी पाहिलेलं नाही. अंकितानं सांगितलं, आणि सयाजीनं सांगितलं. सयाजी उसाचा ट्रॅक्टर चालवतो, त्या दिवशी दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडं निघाला होता.

माधवनगर मागं पडलं आणि अंकिताला आरशात दोन गाड्या दिसल्या. सिद्धू आणि त्याचे दोघं. हे नवीन नव्हतं. व्हिडिओ फिरल्यापासून ते अधूनमधून तिच्या मागं लागत होते. आधी नुसते शेजारून जायचे, मग ओढणी ओढायचे, मग पाय मारायचे. म्हणून तर तिनं मोठी गाडी घेतली होती. आरशात ते दिसले की ती मूठ पिळायची आणि मिनिटाभरात मोकळ्या रस्त्यावर एकटी व्हायची. मग चाल कमी करून, हेल्मेटची काच वर करून, वारा खात घरी यायची. मजा तिथून सुरू व्हायची, ती मला म्हणाली.

त्या दिवशी तिनं मूठ पिळली आणि काटा सत्तरच्या पुढं हलेना. इंजिन केकाटायला लागलं, हँडल थरथरायला लागलं. ते दोन्ही बाजूंनी आले, आरामात, हसत. त्यांच्या गाड्या अजून जाग्यासुद्धा झाल्या नव्हत्या. सिद्धू ओरडला, "बापाची गाडी का गं? बाप कुठाय? बोलीव त्येला!" पहिली लाथ तिच्या पायावर बसली. दुसरी सायलेन्सरवर. ती डगमगली, सावरली. सिद्धूच्या मागं बसलेल्याच्या हातात लोखंडी पाइप होता. तो पाठीवर बसला तेव्हा तिचा श्वासच बंद झाला.

पुढं सयाजीच्या ट्रॉल्या दिसल्या. ती ट्रॉलीच्या अंगाला जाऊन चिकटली, म्हणजे एक बाजू तरी बंद झाली. चाल एक केली. ट्रॉली हलली तसा तिनं डाव्या हातानं ऊस ओढून घेतला आणि उजव्या बाजूला आलेल्याच्या तोंडावर फिरवला. तो गाडीसकट घसरत गेला, त्याची काळजी तिनं केली नाही आणि मीही करत नाही. तेवढ्यात पाइप तिच्या उजव्या मनगटावर पडला. मूठ सुटली. गाडी आडवी झाली आणि ती कडेच्या चारीत फेकली गेली. गाडी मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली सापडली. सयाजी म्हणतो, चाकाखाली काहीतरी कडाकडा मोडलं आणि मला वाटलं पोरगीच गेली.

सिद्धू थांबला होता. मित्राच्या हातातला पाइप घेऊन तो चारीकडं चालत निघाला होता. उसावर बसलेल्या ऊसतोडीच्या बायकांनी हे वरून सगळं पाहिलं होतं. त्या धडाधड खाली उतरल्या, कोयते हातात, आणि त्याच्यावर धावल्या. एकीनं कोयत्याची उलटी बाजू त्याच्या पाइप धरलेल्या हातावर घातली. पोरं गाड्या सोडून उसात पळाली. त्या बायका बीडकडच्या होत्या. त्यांची नावं कुणी विचारून घेतली नाहीत, याची मला आजही लाज वाटते.

आम्ही सांगलीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा अंकिताला प्लास्टर घालून झालं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, उजव्या मनगटाचा चुरा, पाठ काळीनिळी. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल. हात कामाला येईल. गाडी चालवता येईल का, ते आत्ता विचारू नका." आक्का भिंतीला टेकून खाली बसली.

दाजी खाटेपाशी गेले. माझ्या स्कूटरच्या डिकीत त्यांनी घरून निघताना कोयता ठेवला होता, मला ते ठाऊक होतं, आणि मी अडवलं नव्हतं. कारण त्या क्षणी मलाही सिद्धूचं मुंडकं हवं होतं.

"सिद्धूच हुता न्हवं?" ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, बारीक. "आज रातच्याला त्येचं घर न्हाई ठेवत. तू फकस्त मान हलीव."

अंकितानं मान हलवली नाही. "आप्पा, बसा."

"बसायची येळ न्हाई ही."

"बसा म्हणते न्हवं!"

एवढ्या जोरानं ती बापाशी उभ्या जन्मात बोलली नव्हती. ओरडल्यानं हाड दुखलं असणार, तोंड वेडंवाकडं झालं. दाजी स्टुलावर बसले.

"मागच्या येळला तुमी नाव इचारलंसा, मी सांगितलं न्हाई. का म्हाईत हाय? नाव सांगितलं असतं तर तुमी एकाला मारलं असतं, आन् दुसऱ्या दिवशी माझ्या मागं चार लागले असते. तुमी मारून घरात येतायसा आप्पा. त्या रस्त्यानं रोज मला जावं लागतंय." ती थांबली, श्वास घेतला. "तुमी मला भांडून सोडवणार म्हणून मी भीत हुते. म्हणून गाडी घेतली. कुणाला मारायला नगं, कुणाला सांगायला नगं, नुसतं फुडं निघून जायचं. माझी गाडी आज असती तर मी आत्ता घरात चहा पीत बसलेली असते."

दाजींचे हात मांडीवर होते, पंजे वर करून ठेवलेले, आणि ते आपल्याच हातांकडं असे बघत होते की हे कुणाचे आहेत ते आठवेना झालंय. मला त्यांची दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, पण आक्काच्या कपाळावर तुळशीकट्ट्याची खोक अजून नीट भरली नव्हती.

तेवढ्यात पोलीस ठाण्यातून हवालदार जबाब घ्यायला आले. वयस्कर, चष्मा लावलेले गृहस्थ. खुर्ची ओढून त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि हळूहळू विचारत गेले. अंकितानं सगळं सांगितलं. सिद्धूचं नाव, दुसऱ्या दोघांची नावं, पाइप, लाथा, ओढणी, केव्हापासून, कुठं कुठं. एकदाही तिचा आवाज कापला नाही.

"आणखी काही नुकसान?" हवालदारांनी विचारलं. "ही गाडी चाकाखाली गेली ती वडिलांच्या नावावर आहे म्हणता. तुमची स्वतःची गाडी नाही का?"

"हाय."

"मग ती का नेली नव्हती?"

आक्कानं पदर तोंडात धरला. मी अंकिताकडं बघत मनात म्हणत होतो, पोरी, एवढं राहू दे.

"ती वडलांनी पहारीनं फोडली," अंकिता म्हणाली. "तेबी लिवा."

हवालदारांनी पेन थांबवलं. चष्म्यावरून आधी तिच्याकडं, मग दाजींकडं बघितलं. "अगं, ते घरचं आहे. जबाबात कशाला? उगाच कोर्टात उलटसुलट प्रश्न येतील."

"घरचंच हाय म्हणून लिवा."

हवालदार माझ्याकडं बघू लागले. जन्मभर हेच काम करत आलो होतो मी. पुढं व्हायचं, "गरम डोक्याचं हाय माणूस" म्हणायचं, आणि मिटवून टाकायचं. तोंडात वाक्य तयारच होतं. पण माझ्याआधी दाजी स्टुलावरून उठले. मला वाटलं, आता हात उचलतात. हवालदारांनाही तसंच वाटलं असावं, ते खुर्चीत मागं सरकले.

"खरं हाय ती म्हणती ते," दाजी म्हणाले. "लिवा. तिच्या आईलाबी त्याच दिशी ढकललं हुतं, तेबी लिवा. आन् मी सही कुठं करायची ते दावा."